रिकाम्या हाताची विद्या आणि तिचा लांब पल्ला

भिवंडीत संध्याकाळी सहाच्या सुमारास एखाद्या शाळेवरून जाण्याचा प्रसंग आला, तर यंत्रमागांच्या अखंड खडखडाटातूनही एक निराळा आवाज कानी पडतो. चाळीस-पन्नास मुलामुलींनी एका दमात ठोकलेली ती आरोळी असते. पांढरा सदरा, पांढरी विजार, कमरेस रंगीत पट्टा आणि पाय अनवाणी, अशा थाटात ही मुले ओळीने उभी राहून हवेत मुठी मारीत असतात. आमच्या लहानपणी व्यायाम म्हटला की सूर्यनमस्कार, मलखांब आणि फार तर लाल मातीचा आखाडा. हल्ली घरोघरचे पालक मुलास, आणि त्याहूनही अधिक हौसेने मुलीस, कराटेच्या वर्गास घालतात. मुलगी धीट व्हावी, जाता-येता तिने कोणास भिऊ नये, एवढाच बहुतेकांचा हेतू असतो, व तो चांगलाच आहे. परंतु शंभरांतील एखाद्या मुलास ही विद्या तेवढ्यावर थांबू देत नाही. ते मूल घरी येऊन विचारते, ‘मी हिच्यात कुठवर जाऊ शकेन?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याजोगी माहिती आपल्या घरांतून सहसा नसते. आमच्याही घरात नव्हती.

आमच्या धाकट्या बंधूंची नात यंदा चौदा वर्षांची आहे. सातव्या वर्षापासून ती या वर्गास जाते. ब्राह्मण आळीतील आमच्या घराच्या ओटीवर तिच्या पदकांसाठी एक भिंतच राखून ठेवलेली होती आणि आल्यागेल्यास घरातील बायका ती मोठ्या कौतुकाने दाखवीत. त्यांतील तीन पदकांवर ‘आंतरराष्ट्रीय’ असा शब्द कोरलेला होता. आम्हीही त्या शब्दास भुललो होतो, हे कबूल केले पाहिजे. गतवर्षी शालेय स्पर्धांत एकेक पायरी चढत ती विभागाच्या स्पर्धेस गेली. तेथे पहिलाच सामना दोन मिनिटांचा. तो सव्वा मिनिटातच संपला, कारण समोरच्या मुलीने आठ गुणांची आघाडी घेतली आणि तेवढी आघाडी झाली की सामना तेथेच थांबवितात. मुलगी घरी आली ती कोणाशी बोलली नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर आमच्याजवळ येऊन बसली व म्हणाली, ‘आजोबा, मग ती भिंतीवरची पदके कसली?’

या प्रश्नावर आम्ही निरुत्तर झालो. छत्तीस वर्षे शाळेत मुलांस प्रश्न विचारण्यात गेली. मुलाने आपणांस असा प्रश्न विचारावा व आपण गप्प बसावे, हा अनुभव सुखाचा नव्हे. मग आम्ही चौकशीस लागलो. त्या ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धेची हकीकत अशी निघाली की, परप्रांतातील एका शहरात एक मंगल कार्यालय भाड्याने घेतलेले होते. शेजारच्या एका देशातून थोडी मुले आली होती. आणि प्रत्येक गटात चारच मुले घातलेली होती. कराटेच्या सामन्यांत सुवर्णपदक एक, रौप्य एक आणि कांस्य दोन देण्याची रीत आहे. तेव्हा चारांच्या गटात कोणीच रिकाम्या हाताने परतत नाही, हे उघड आहे. प्रवेशशुल्क मात्र चौघांनीही भरलेले असते. या प्रकारात कोणी कायद्याने गुन्हा केला असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या मुलीस आपण जगाच्या पंक्तीत बसलो असे वाटत होते, तिला ती पंगत कोठे आहे हेसुद्धा कोणी दाखविले नव्हते.

ही विद्या मुळातली कोठली, हे पाहू लागलो तेव्हा एका गोष्टीने आमच्या मास्तरकीचा जीव सुखावला. जपानच्या दक्षिणेस ओकिनावा नावाचे बेट आहे, तेथील ही परंपरा. ती जपानच्या मुख्य भूमीवर नेण्याचे श्रेय ज्या गिचिन फुनाकोशी यांस देतात, ते धंद्याने शाळामास्तर होते. त्यांचा जन्म १८६८ सालचा. १९२२ साली टोकियोत शारीरिक शिक्षणाचे एक प्रदर्शन भरले, तेथे त्यांनी हे हात प्रथम दाखविले व पुढे ते तेथेच राहिले. ‘कराटे’ या शब्दातील ‘ते’ म्हणजे हात. ‘कारा’ हे पूर्वी चीन देशाचे बोधक अशा अक्षराने लिहीत. पुढे त्याच उच्चाराचे, परंतु ‘रिक्त’ अशा अर्थाचे अक्षर योजण्यात आले. उच्चार तोच, अर्थ निराळा. आपल्याकडील कवी ज्यास श्लेष म्हणतात तोच प्रकार. हाती शस्त्र नाही म्हणून रिकामा हात, आणि मनात दुष्ट हेतू नाही म्हणूनही रिकामा, असा दुहेरी अर्थ त्यातून काढतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. या विद्येत चढाओढीचे सामने व्हावेत, हे फुनाकोशींस पसंत नव्हते. ते १९५७ च्या एप्रिलात वारले आणि त्याच वर्षी जपानात सर्व देशाची पहिली मोठी अजिंक्यपद स्पर्धा भरली. पुढे १९७० साली टोकियोतच पहिली जागतिक स्पर्धा झाली.

आमच्या घरात जो घोटाळा झाला त्याचे एक मूळ येथेच आहे. पट्ट्याची वाट निराळी आणि सामन्याची निराळी. पट्ट्यांची कल्पना ज्यूदोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांच्याकडून कराटेत आली. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचे पट्टे म्हणजे शाळेतल्या इयत्ता. गुरूने परीक्षा घ्यावी आणि वरच्या वर्गात घालावे. त्यात मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच असते. सामन्यात ती दुसऱ्याशी होते, आणि तो दुसरा कोणत्या देशाचा, किती वर्षे तयार झालेला, हे आपल्या हाती नसते. काळा पट्टा मिळाला म्हणजे मूल जगाच्या स्पर्धेस तयार झाले, अशी समजूत आम्ही कितीतरी घरांतून पाहिली. ती मॅट्रिक झालेल्यास विलायतेच्या परीक्षेस बसविण्यासारखी आहे.

सामन्यांचेही दोन प्रकार आहेत. एकास ‘काता’ म्हणतात. त्यात समोर कोणी नसतो; ठरलेल्या क्रमाने पवित्रे, ठोसे व लाथा करून दाखवायच्या आणि पंचांनी त्यांचा तोल, जोर व नेमकेपणा पाहायचा. जागतिक महासंघाच्या मान्य यादीत असे शंभराहून अधिक क्रम आहेत. वेदपाठशाळेत संहितेचे पद, क्रम, जटा, घन करतात, त्याची आठवण होते; अक्षर तेच, पण ते किती चोख आणि किती जिवंत उच्चारले यावर सारे अवलंबून. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या काताचे सुवर्णपदक स्पेनच्या सांद्रा सांचेझ हिने मिळविले, तेव्हा तिचे वय ३९ होते. मुलीचे वय वाढले की खेळ संपला, असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ही संख्या ऐकून ठेवावी.

दुसरा प्रकार ‘कुमिते’, म्हणजे प्रत्यक्ष झुंज. आठ मीटर लांब व तितक्याच रुंद चौकात, एक लाल आणि एक निळा, असे दोघे उतरतात. प्रौढांचा सामना तीन मिनिटे. ठोसा नेमका लागला तर एक गुण, छातीवर वा पोटावर लाथ बसली तर दोन, डोक्यावर लाथ पोहोचली तर तीन. ‘लागला’ हा शब्द येथे जपून घ्यावयाचा. प्रहार पूर्ण वेगाने जावा, परंतु शेवटच्या क्षणी आवरता यावा. तोंडावर जोराने आदळला तर गुण मिळणे दूरच, उलट दोष लागतो. कमरेखाली मारणे तर वर्ज्यच. हे वाचताना आम्हांस महाभारतातील गदायुद्ध आठवले. नाभीच्या खाली प्रहार करू नये हा गदायुद्धाचा नियम. भीमाने तो मोडून दुर्योधनाची मांडी फोडली आणि बलराम नांगर उगारून धावला. श्रीकृष्णाने त्याला कसेबसे आवरले. भीमाच्या बाजूने पुष्कळ बोलता येते, पण बलराम पंच असता तर निकाल काय लागला असता, याविषयी शंका नको.

असा निकाल खरोखरच लागलेला आहे. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत ७५ किलोंवरील पुरुषांच्या गटाचा अंतिम सामना चालला होता. एका बाजूस सौदी अरेबियाचा तारेक हामेदी, दुसऱ्या बाजूस इराणचा सज्जाद गंजजादे. हामेदी चार विरुद्ध एक असा पुढे होता. त्याने डोक्याकडे एक लाथ मारली आणि गंजजादे जो कोसळला तो उठलाच नाही. त्यास डोलीवर घालून बाहेर न्यावे लागले. हामेदीस वाटले, आपण जिंकलो. पंचांनी एकत्र येऊन विचार केला आणि प्रहार आवरला नाही या कारणास्तव त्यालाच बाद ठरविले. जो शुद्धीवर नव्हता त्यास सुवर्णपदक मिळाले. शुद्धीवर आल्यानंतर त्यास ते कळले. हा निकाल पुष्कळांस चमत्कारिक वाटला व त्यावर वादही झाले. आम्ही ही हकीकत घरात सांगितली तेव्हा आमच्या नातीस मात्र यत्किंचितही नवल वाटले नाही. ‘आमच्या सरांनी पहिल्याच वर्षी हेच शिकवलंय,’ ती म्हणाली.

आता खऱ्या वाटेविषयी. जगात या खेळाचा एकच महासंघ असा आहे, ज्यास आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता आहे. तो म्हणजे विश्व कराटे महासंघ. त्याच्याखाली आशियाचा महासंघ, त्याखाली प्रत्येक देशाची एक संघटना, तिच्याखाली राज्याची, जिल्ह्याची, अशी ही साखळी आहे. यातील एक कडी जरी तुटलेली असली तरी खालचे सारे अधांतरी. आपल्या देशात हे घडलेलेही आहे. २०२० साली विश्व महासंघाने कराटे असोसिएशन ऑफ इंडियाची मान्यता काढून घेतली, आणि पुढे कराटे इंडिया ऑर्गनायझेशन या दुसऱ्या संघटनेस ते स्थान मिळाले. संघटनांच्या या भांडणात दोष कोणाचा, हे ठरविणे आमचे काम नव्हे. परंतु अशा वेळी जी मुले ऐन तयारीत असतील त्यांचे काय झाले असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. तेव्हा पालकांनी कोणत्याही स्पर्धेचे पैसे भरण्यापूर्वी एवढे विचारावे की, येथे जिंकल्यास मूल पुढील कोणत्या निवडीस पात्र होते? याचे सरळ उत्तर मिळाले नाही तर ती स्पर्धा सरावासाठी खेळावी, खुशाल खेळावी. पण तिच्या पदकावर भिंत उभारू नये.

वयाचेही गट ठरलेले आहेत. चौदा व पंधरा वर्षांची मुले एका गटात, सोळा-सतरांची दुसऱ्या, अठरा ते वीस तिसऱ्या, आणि त्यापुढे खुला गट. या किशोरवयीनांच्या जागतिक स्पर्धा स्वतंत्र भरतात व बारा वर्षांपासूनच्या मुलांसाठी निराळी स्पर्धामालिकाही आहे. प्रौढांत गुणानुक्रमाची एक जागतिक यादी चालते; मोठ्या स्पर्धांत खेळत राहिल्यावाचून तीत वर चढता येत नाही, आणि त्या स्पर्धा आज एका खंडात तर उद्या दुसऱ्यात. येथे विमानाच्या भाड्याचा प्रश्न येतो, म्हणजेच घरच्या तिजोरीचा.

बरे, एवढे करून शेवटी ऑलिंपिक तरी आहे काय? सध्या नाही. कराटे ऑलिंपिकमध्ये आले ते एकदाच, टोकियोस. २०२० चे ते खेळ महामारीमुळे २०२१ साली भरले. निप्पोन बुदोकान या प्रसिद्ध सभागृहात आठ प्रकारांसाठी सारे मिळून ऐंशीच्या आसपास खेळाडू होते. त्यांत भारताचा एकही नव्हता. २०२४ च्या पॅरिसमधून कराटे वगळले गेले आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीतही ते नाही. तेव्हा आज या वाटेचे शिखर म्हणजे जागतिक अजिंक्यपद, आणि आपल्या दृष्टीने आशियाई खेळ. त्यांत १९९४ च्या हिरोशिमापासून कराटे आहे, व २०२६ च्या आइची-नागोयाच्या कार्यक्रमातही त्याचा अंतर्भाव आहे. हे मुलीपासून लपवावे असे घरात एकदोघांचे मत पडले. आम्ही ते मानले नाही. चौदा वर्षांच्या मुलीस खरे सांगून तिची हौस मोडत असेल, तर ती हौस मोडलेलीच बरी. तिने ऐकले, थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली आणि म्हणाली, ‘मी काही ऑलिंपिकसाठी जात नव्हते. मला त्या मुलीला हरवायचंय.’

महाराष्ट्राच्या मातीतून उठून जगाच्या पंक्तीत जाऊन बसलेला पहिला मल्ल आठवला की, ही वाट कशी असते ते लख्ख दिसते. खाशाबा जाधव कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वरचे. जन्म १५ जानेवारी १९२६. वडीलही कुस्ती खेळणारे. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. सारे आयुष्य लाल मातीत लढलेला हा तरुण तेथे प्रथमच गादीवर आणि परक्या नियमांनी लढला, व तरीही आपल्या वजनात सहावा आला. सहावा क्रमांक म्हणजे अपयश असे कोणीही म्हणेल. खाशाबांनी तो पाया मानला व पुढील चार वर्षे कसून मेहनत केली.

१९५२ साली हेलसिंकीस जायचे तर पैसा हवा. गावोगाव वर्गणी झाली. तरीही कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी स्वतःचे घर गहाण टाकणारा प्राचार्य! आम्ही शिक्षकी पेशात जन्म काढला. आमच्या हातून असे काही झाले नाही, म्हणून हे वाक्य लिहिताना लेखणी थोडी थांबते. हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांस हरविले. पुढे जपानच्या शोहाची इशीशी त्यांची दीर्घ झुंज झाली व ते हरले. हा इशी मूळचा ज्यूदो खेळणारा. महायुद्धानंतर जपानात ज्यूदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता आणि त्या वर्षीचे सुवर्णपदक त्यालाच मिळाले.

यापुढचा भाग ऐकून आजही हळहळ वाटते. इशीबरोबरची दमछाक करणारी कुस्ती संपताच खाशाबांस सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेयोव्हशी लढण्यास बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विसावा देण्याचा नियम होता. पण तो नियम पुढे करून हरकत घेण्यास भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. थकलेले खाशाबा हरले. कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. तसे दुसरे पदक येण्यास १९९६ साल उजाडावे लागले. कऱ्हाडास त्यांची मिरवणूक निघाली ती शंभरांवर बैलगाड्यांची. नंतर त्यांनी कुस्त्या ठरवून, त्या जिंकून, मिळालेल्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडविले. पुढे पोलिसांत नोकरी केली, आणि १९८४ साली एका अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावाने जाहीर झाला तो मरणानंतर सोळा वर्षांनी.

आमच्या मनात या साऱ्यातून एकच गोष्ट पुनःपुन्हा येत राहिली. गादीच्या कडेला नियम माहीत असलेला एक माणूस उभा असता तर? मल्लाचे बळ मल्लाने आणले होते, पैसा प्राचार्यांनी आणला होता. कमी पडला तो अर्ध्या तासाचा एक साधा नियम बोलून दाखविणारा. आजच्या कराटेत तर नियमांचे जंगल आहे. पहिला गुण घेणाऱ्यास बरोबरी झाल्यावर मिळणारा लाभ, चौकाबाहेर पाऊल गेल्याचा दोष, वजन करण्याची वेळ, दाखल्यांच्या प्रती. यांतील कशात चूक झाली तर मुलीची सात वर्षांची मेहनत टेबलापाशीच अडते. म्हणून आम्ही विश्व महासंघाची नियमावली छापून आणली आहे. तिची रचना सूत्रग्रंथासारखी आहे. एका नियमास दुसऱ्याचा अपवाद, त्यास तिसऱ्याचे स्पष्टीकरण. इंग्रजीत आमची गती बेताचीच. पण पाणिनीची अष्टाध्यायी ज्याने लावली त्यास ही लागणार नाही असे नाही. रोज रात्री दोन पाने लावतो आणि मुलीची आई ती वहीत मराठीत उतरून घेते. स्पर्धेस तिच्याबरोबर तीच जाणार आहे.

घरातही थोडे फेरफार करावे लागले. आमचे घर शाकाहारी. तेव्हा सकाळी मोड आलेली मटकी, दूध, भाजलेले शेंगदाणे आणि रात्री घट्ट वरण, एवढी व्यवस्था वहिनींनी आपणहून केली. अडचण निराळीच निघाली. वजनाचे गट असतात, हे कळल्यावर खालच्या गटात बसण्यासाठी मुलीने एकादशीच्या निमित्ताने उपास धरला आणि द्वादशीसही तो सोडीना. वहिनींनी तिला पानावर बसवून सांगितले की, देवासाठीचा उपास मी मोडणार नाही, पण काट्यासाठीचा या घरात चालायचा नाही. वाढत्या वयात उपाशी राहून वजन उतरविणे अपायाचे आहे, हे तिच्या सरांनीही बजावले. हल्ली ती ज्या गटात वजन बसेल त्या गटात खेळते. दातांस रबरी कवच, हातमोजे, नळीवरचे व पावलांवरचे जाड आवरण आणि मुलींसाठी छातीचे कवच, एवढा सरंजाम तिच्या पिशवीत असतो. तो पाहून घरातील वृद्धांच्या जिवातही जीव आला.

भिंत आता मोकळी आहे. पदके तिनेच उतरवून ट्रंकेत ठेवली. विभागाच्या स्पर्धेत सहभागाचा म्हणून जो कागद मिळाला होता, तो मात्र तिने स्वतःच्या टेबलावर लावला आहे. का, ते आम्ही विचारले नाही. पहाटे पाच वाजता ती गच्चीवर जाते. दोन मिनिटांचे एकेक सत्र, मध्ये एक मिनिट विसावा, अशी सहा सत्रे. घड्याळ धरण्याचे काम आमच्याकडे आहे. सुरुवातीस चौथ्या सत्रात तिचे हात खाली येत; आता सहाव्यात येतात.

एक गोष्ट मात्र घरात अजून ठरलेली नाही. तिच्या दहावीच्या वर्षी सोळा-सतरा वर्षांच्या गटातील पहिली निवड-स्पर्धा आणि शाळेची सराव परीक्षा एकाच महिन्यात येण्याचा संभव आहे. तिचे वडील परीक्षेच्या बाजूचे, आई स्पर्धेच्या. आमच्या बंधूंनी दोन्ही पक्षांस मान डोलावून ठेवली आहे. आम्हांस विचारले तेव्हा आम्ही म्हटले की, निवडीच्या तारखा जाहीर होऊ द्या, मग बोलू. तोवर गणिताचा तास रात्री आठऐवजी दुपारी चारला घ्यायचे ठरले आहे, आणि तो आम्हीच घेतो.